अकरा मजले वर

नायजेल टॅप्सेल या नावाच्या माणसाला कुणी घाबरत नाही, हे नायजेलला शाळेतच कळून चुकलं होतं. म्हणून डोक्यावर मशीन फिरवून घेतली त्याच दिवशी त्याने स्वतःचं नाव ब्रिक ठेवून घेतलं. ब्रिक म्हणजे वीट. त्याचा आम्हाला वीटही लवकरच आला, पण तोवर आमचा बँड जमला होता आणि गायला दुसरं कुणी नव्हतं.

ब्रिकला गाता येत नव्हतं. पण आम्हा टकल्या, स्किनहेड पोरांच्या संगीतात तीच पात्रता धरत. त्या संगीताचं नावच 'ओय'. ओय म्हणजे रस्त्याच्या पलीकडून दुसऱ्याला मारलेली हाक, आणि तशी हाक मारायला गळा लागतो, सूर लागत नाही. गिटारवर गॉर्डन लेगेट होता. तो टेलिफोनच्या खांबांवर चढायचं काम करी. दिवसभर लोकांची बोलणी जोडून देता देता स्वतःचं बोलणं त्याच्याकडे उरत नसावं. ड्रमवर कार्लटन बॅब, आमच्यातला एकटा काळा. त्याची आई बार्बेडोसहून नर्स म्हणून आलेली. आमच्यात खरा नटवा तोच. बुटांना पॉलिश कसं करायचं आणि गॅलिस किती आवळायचे, हे आम्हाला त्याने शिकवलं. आम्ही ज्या रेकॉर्डींवर नाचायला शिकलो त्या त्याच्या थोरल्या भावाच्या. आणि बेस गिटारवर मी, मॅक्सीन पर्किस. बिस्किटांच्या कारखान्यात तुटकी बिस्किटं वेगळी काढायचं काम मी करायची. मी मुलगी असल्यामुळे माझं डोकं पूर्ण भादरलेलं नव्हतं. पुढे झुलपं, मागे शेपट्या आणि मधे मैदान. माझी आई म्हणायची, "न्हाव्याला मधेच कुणीतरी हाक मारली होती काय?"

आम्हाला बघून म्हाताऱ्या रस्ता ओलांडायच्या. आम्हाला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. जगाशी आमचं भांडण होतं आणि भांडायला जाताना आमचे शर्ट कडक इस्त्रीचे असत, कारण आमच्या आया ते करून देत. ब्रिकची आई, आयव्ही आँटी, तर त्याच्या जीन्सलाही चुणी पाडायची. तो ओरडायचा, "आई, जीन्सला चुणी नसते गं." ती म्हणायची, "मग घाल चुरगळलेली, लोक म्हणतील याला आई नाही."

आम्ही मार्शगेट वसाहतीतले. नदी जिथे समुद्राला मिळायची तयारी करते तिथली गोदी, आणि गोदीच्या पाठीमागे आमचे उंच उंच मनोरे. टॅप्सेल मंडळी पेलिकन हाऊसच्या अकराव्या मजल्यावर राहायची. पेलिकन हाऊसची लिफ्ट ईस्टरपासून बंद होती. दारावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती आणि ती पाटी सोडून तिथे काहीच चालू नव्हतं. आयव्ही आँटीचे गुडघे म्हणजे आधीच देवाला सोडलेले. उतरणं कसंबसं जमायचं, चढणं जमायचं नाही. त्यामुळे ईस्टरपासून ती वरच होती. कपडे वाळत घालताना खाली वाकून जगाची चौकशी करायची, तेवढंच तिचं फिरणं.

जूनमध्ये तिच्या बहिणीचा पन्नासावा वाढदिवस आला. आयव्ही आँटी हट्टाने गेली. परत येताना चौथ्या मजल्यावर ती पायरीवर बसली, डोक्यावरची हॅट मांडीवर काढून ठेवली आणि म्हणाली, "आजपासून माझा पत्ता हा."

आम्ही तळमजल्यावर बाबागाड्यांच्या खोलीत तालीम करत होतो. कुणीतरी बोलावायला आलं म्हणून वर धावलो. बघतो तर तिच्याभोवती निम्मी इमारत जमलेली, कुणी चहा आणलेला, आणि आयव्ही आँटी नगरपालिकेचा उद्धार करते आहे.

"बाळंतीण सहाव्यावर, तिने गाडी दातात धरून चढायची का? आठव्यावरचा पर्सी एका पायाचा, त्याने काय उडत जायचं? त्या साहेबाला म्हणावं, ये एकदा बटाट्यांची पिशवी घेऊन. वर, वर, वर. मरताना तरी खाली यायला मिळेल म्हणून मी मरायची वाट बघतेय."

प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी घरी चहा घेत, दम खात, संध्याकाळपर्यंत ती अकराव्यावर पोचली. आणि आम्हाला गाणं मिळालं. शब्द तिचेच. ब्रिकने त्यात फक्त दोन शिव्या घातल्या आणि कवी म्हणून स्वतःचं नाव लावलं. दोन मिनिटांचं गाणं, प्रत्येक ओळीत एक मजला आणि मधे सगळ्यांनी ओरडायचं, "वर, वर, वर, अकरा मजले वर." ओरडताना ब्रिक एक हात ताठ करून बोटाने छत दाखवायचा. बघता बघता 'जॉली कॉकल' दारूगुत्त्यातले सगळे तसा हात करू लागले. गोदीतले, बसवाले, मासळीवाले, सगळ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट बंदच होत्या.

मग लंडनच्या एका वर्तमानपत्राचा माणूस आला. आम्ही हुरळून गेलो. ब्रिकने त्याला दोन पाइंट बिअर पाजली आणि स्वतःच्या वडिलांना गोदीत कामावर लावून टाकलं. खरं तर ते बागेच्या दुकानात कुंड्या विकत. रविवारी पेपर आला. मथळा होता, 'द्वेषाचे टकले'. खाली अर्ध्या पानभर ब्रिकचा फोटो. हात ताठ वर. बोट मात्र दिसत नव्हतं. मागच्या दिव्याच्या झगझगाटात ते विरघळून गेलं होतं. असा हात बघितला की चाळीस वर्षांपूर्वीची नाझी जर्मनीच कुणालाही आठवेल. बातमी खोटी पाडू शकला असता असा आमच्यात एकच जण होता, आणि तो झांजेच्या मागे बसला होता. फोटो कापताना पेपरवाल्यांनी त्यालाही कापला होता.

ब्रिकने तो पेपर आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"कॉलर दुमडली आहे," ती म्हणाली. "मी अशी पाठवली नव्हती."

कार्लटनच्या घरी प्रकरण इतक्यावर मिटलं नाही. मिसेस बॅब रात्रपाळीहून आल्या होत्या. कार्लटननेच नंतर आम्हाला सांगितलं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मी या लोकांच्या पाठी पुसते. त्यातले निम्मे मला हात लावू नको म्हणतात आणि मग अंगावर ओकतात. आणि तू त्यांच्यासाठी ढोल बडवतोस?"

"मम, ते गाणं लिफ्टवर आहे."

"हा हात लिफ्टवर आहे?"

"बोट दिसत नाहीये त्यात."

"कार्लटन," त्या म्हणाल्या, "आयुष्यात मला पुष्कळ जणांनी हात दाखवलाय. बोट शोधत बसायला मला वेळ झाला नाही."

फोटो छापून आल्यावर आम्ही एकदम महत्त्वाचे झालो. आधी आला ज्युलियन. विद्यापीठात तो आमच्यावर प्रबंध लिहीत होता, आणि उरलेल्या वेळात कामगारांचं राज्य आणायच्या खटपटीत होता. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि आमच्या कुणापेक्षाही जास्त फाटके बूट होते. बूट त्याने मुद्दाम फाटू दिले असावेत. आम्ही त्याला अकराव्या मजल्यावर नेलं. दहा मिनिटं तो नुसता धापा टाकत होता. आयव्ही आँटीने त्याला चहा आणि जेली-ईल, म्हणजे थिजलेल्या रश्श्यातली वाम मासळी, दिली. ईल बघून तो आणखी पांढरा पडला.

"मिसेस टॅप्सेल," तो म्हणाला, "या गाण्यातली लिफ्ट म्हणजे वर चढायची संधी नाकारलेल्या वर्गाचं प्रतीक आहे, असं तुम्हाला वाटतं?"

"नाही रे बाळा," आयव्ही आँटी म्हणाली. "ती लिफ्टच आहे."

त्याने टेप उलटी फिरवून परत विचारलं. तिनेही परत तेच सांगितलं.

त्यानंतर आला मिस्टर पॉम्फ्रेट. हा झेंडेवाल्यांचा माणूस. नीटनेटका सूट, बाजूला भांग, आणि हातमोजे काढल्याशिवाय हात मिळवायचा नाही. बाहेरच्या देशांतून आलेल्या लोकांना बोटीत घालून परत पाठवलं की इंग्लंडचं भलं होईल, असं त्यांचं म्हणणं. त्याचं गालिच्यांचं दुकान होतं आणि तो बैठ्या घरात राहायचा. जिना हा त्याच्या आयुष्यात नव्हताच. 'जॉली कॉकल'मध्ये त्याने आम्हाला कोपऱ्यात बसवलं. कार्लटन त्या दिवशी आला नव्हता.

"वर, वर, वर," पॉम्फ्रेट भारावून म्हणाला. "राष्ट्राच्या उत्थानाचं गाणं. मी ऐकलं आणि अंगावर काटा आला."

"ते लिफ्टचं आहे," मी म्हटलं.

"अगदी बरोबर, मिस. राष्ट्राची लिफ्ट."

मग त्याने आम्हाला व्हॅन देऊ केली. शिवाय नवे अँप्लिफायर. आम्ही तोवर पावाच्या बेकरीची गाडी उसनी घेऊन फिरत होतो. कुठेही गेलो की आमच्या कपड्यांना बनपावाचा वास यायचा, आणि बनपावाच्या वासाने कुणावर दहशत बसत नाही.

"फक्त एक बारीकशी गोष्ट," पॉम्फ्रेट म्हणाला. "तुमचा ढोलवाला. चांगला मुलगा असेल. पण चित्रात बसत नाही."

ब्रिक ग्लासाकडे बघत राहिला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याच्या मनात काळं नव्हतं. पण त्याला आयुष्यात कुणी कधी 'मिस्टर टॅप्सेल' म्हटलं नव्हतं, आणि पॉम्फ्रेटने ते तासाभरात तीनदा म्हटलं होतं. "बघतो," ब्रिक म्हणाला आणि संडासात गेला. मीही ग्लास भरून आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी बाबागाड्यांच्या खोलीत मीच कार्लटनला सगळं सांगितलं. त्याने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या.

"व्हॅन कुठली आहे?"

"फोर्ड," ब्रिक म्हणाला.

"नवी?"

"तशी नवीच."

"मग माझा भाव बरा लागला."

"मी हो म्हटलं नाही, कार्ल."

"नाही पण म्हटलं नाहीस."

ब्रिकच्या टकलावर लाली चढली. टक्कल असलं की माणसाला लाज लपवता येत नाही. एवढ्यात गॉर्डनचा आवाज आला. त्या महिन्यात तो पहिल्यांदाच बोलत असावा.

"मी नाही म्हणून सांगितलं."

"कधी?"

"तू संडासात गेलास तेव्हा."

ब्रिक उखडला. बँड कुणाचा, गाणारा कोण, मला न विचारता ठरवणारा तू कोण, वगैरे. पण ओरडता ओरडता त्याचे खांदे सैल पडत गेले, आणि शेवटी तो एका बाबागाडीवर बसला. बाबागाडी मोडली. कार्लटन हसला, म्हणून मग आम्ही पण हसलो.

पॉम्फ्रेटला मात्र नकार ऐकायची सवय नव्हती. लिफ्टसाठी भाडेकरूंनी रविवारी दुपारी वसाहतीच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. चहा, केक, रॅफल म्हणजे बक्षिसांची सोडत, आणि शेवटी आम्ही. हॉलच्या दाराशी ज्युलियन आणि त्याची मंडळी फलक घेऊन उभी. झेंडेवाले येणार म्हटल्यावर त्यांना आम्हीही त्यातलेच वाटलो, म्हणून बँडवर बंदी घाला म्हणत होती. आयव्ही आँटी सकाळपासून एकेक पायरी उतरत खाली आली होती. एका मुलीने तिच्या हातात पत्रक दिलं. आँटीने ते वारा घ्यायला घेतलं. आत शेवटच्या रांगांत पॉम्फ्रेट आणि त्याची वीस-पंचवीस पोरं. त्यातली बरीच मार्शगेटचीच होती. गेल्या वर्षीपर्यंत फुटबॉलवाली, आता झेंडेवाली. बुटांना आमच्याइतकंच पॉलिश. फरक सांगायचा तर फक्त आम्हीच सांगू शकलो असतो, आणि आम्हाला विचारत कोण होतं?

मधल्या रांगेत चर्चची निळी हॅट घालून मिसेस बॅब बसल्या होत्या. त्या गाणं ऐकायला आल्या नव्हत्या, मुलाला घरी न्यायला आल्या होत्या. पण रॅफल संपेपर्यंत उठायचं नाही एवढी रीत त्यांना होती.

आम्ही गाणं सुरू केलं. 'वर' आलं आणि मागच्या रांगांतले हात उठले. पंजा सपाट, बोटं जुळलेली. बोट दिसत नाही म्हणायला आता जागा नव्हती. कार्लटनने ड्रम थांबवले, मग मी थांबले, मग गॉर्डन. ब्रिकच्या हातात माइक होता. सबंध वसाहतीला ऐकू जाईल असा त्याचा गळा, पण त्यातून साधा हुंकार फुटेना.

आयव्ही आँटी पहिल्या रांगेतून उठली. स्टेजला तीनच पायऱ्या होत्या, त्याही ती शिव्या देत चढली. मुलाच्या हातातला माइक काढून घेतला.

"हात खाली करू नका," ती म्हणाली. "मोजू द्या मला. म्हणजे एवढे जण आहेत तर. देवाची दया. मला वाटलं होतं, कुणी तयार होणार नाही."

कुणाला काही कळेना.

"अकराव्यावर न्यायचंय मला. खुर्चीला चौघं, आणि मजल्या-मजल्याला बदलायला बाकीचे. बॅरी स्कोल्स, तू मागे का लपतोस? तुझा हात सगळ्यात उंच होता. तुझ्या आईला मी काल वरून सांगितलं, तुझा बॅरी वाया गेलाय. आज ते मागे घेते. ये पुढे."

बॅरी स्कोल्सचा हात हवेतच राहिला होता. खाली घेतला तर कामचुकार, ठेवला तर हमाल. हॉलमधल्या सगळ्या आया वळून आपापल्या पोरांकडे बघायला लागल्या. एकेक जण पुढे आला.

"आणि सूटवाले साहेब तुम्ही," आयव्ही आँटी म्हणाली. "हात तर तुमचाही होता."

"मादाम, हे एक प्रतीकात्मक..."

"हो हो, खुर्चीचा डावा पाय धरा."

दारात उभा राहून ज्युलियन हे बघत होता. त्यालाही तिने सोडलं नाही. "ईलवाल्या बाळा, फलक ठेव बाजूला. उजवा पाय मोकळा आहे."

अशी मिरवणूक निघाली. खुर्चीत आयव्ही आँटी, मांडीवर पर्स आणि रॅफलमध्ये जिंकलेला हॅमचा डबा. कार्लटन गळ्यात ड्रम अडकवून पुढे, कारण ताल नसला तर पायऱ्या चुकतात असं आँटीचं म्हणणं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ज्युलियन आणि बॅरी एकमेकांना 'फॅसिस्ट' आणि 'मास्तरडा' म्हणत होते. पाचव्यावर दोघांकडे श्वास उरला नाही, तेव्हा त्यांचं जमलं. सहाव्यावर मिस्टर पॉम्फ्रेट पायरीवर बसला. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. पोरं घाबरून बाजूला झाली. गर्दीतून निळी हॅट पुढे आली. मिसेस बॅबनी त्याचे हातमोजे काढले, मनगट धरलं, गळ्याचं बटण सोडलं.

"मी... खरं तर..." तो म्हणाला.

"बोलू नका," मिसेस बॅब म्हणाल्या. "आजच्या दिवसापुरतं तरी."

नाडी जागेवर येईपर्यंत त्या त्याच्या शेजारी बसून राहिल्या. मग उठल्या, हॅट सारखी केली आणि अकराव्यावर चहाला गेल्या. दोघी बायकांनी बराच वेळ मुलांची गाऱ्हाणी केली. जाताना मिसेस बॅब कार्लटनला म्हणाल्या, "वाजवतोस ठीक. पाठ वाकवू नकोस."

सोमवारी त्याच पेपरात आलं, 'टकल्यांचा हैदोस. वृद्धेला खुर्चीसकट पळवलं.' वसाहतीतून म्हातारी माणसं पळवली जाताहेत म्हटल्यावर नगरपालिका हादरली. महिनाभरात लिफ्ट सुरू झाली. फीत कापायला जो साहेब आला तो पहिल्याच फेरीत बटण दाबून वर गेला आणि तिथे भाषण करून परत आला. गाण्याचा उल्लेख त्याने केला नाही. आयव्ही आँटी दिवसातून चारदा खाली येऊ लागली. ब्रिकला ते जड गेलं, कारण त्याच्या मैत्रिणी त्याला आता घरापासून लपवता येईनात.

इथेच संपतं तर बरं झालं असतं. पण गाणं एकदा सुटलं की ते तुमचं राहत नाही. सप्टेंबरात समुद्रकाठच्या एका गावात दुपारच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावलं. हॉल गच्च भरलेला. पहिलंच गाणं सुरू केलं आणि समोर शे-दोनशे हात उठले. सपाट पंजे. तिथली पोरं आमच्या ओळखीची नव्हती. त्यांच्या आया तिथे नव्हत्या. कुणीतरी कार्लटनकडे बघून माकडासारखे आवाज काढायला लागलं.

ब्रिकने गाणं तोडलं. "हे लिफ्टचं गाणं आहे," तो माइकमध्ये म्हणाला. लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. त्याने पुन्हा सांगितलं, आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, तेव्हा पहिली बाटली आली. ती गॉर्डनच्या कानाला लागली. मग ब्रिकने माइक खाली ठेवला, शांतपणे मागे गेला आणि ड्रमच्या समोर, कार्लटनच्या पुढे, हातांची घडी घालून उभा राहिला. दुसरी बाटली त्याच्या भुवईवर बसली. तो हलला नाही. त्या दिवशी तो पहिल्यांदाच विटेसारखा दिसला. मी आणि गॉर्डन जाऊन त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो. पोलीस आले ते आम्हालाच घेऊन गेले, आणि चेहरे नीट बघून तासाभराने सोडून दिलं.

बेकरीच्या गाडीतून परत निघालो तेव्हा ऊन अजून होतं. ब्रिकच्या कपाळाला माझा रुमाल बांधलेला.

"पुढच्या आठवड्यात मी नाही येत," कार्लटन म्हणाला.

"कुणीच नाही जात," ब्रिक म्हणाला.

बँड मोडला तो एवढ्याच बोलण्यात. पुढे बराच वेळ बनपावाचा वास तेवढा होता.

वाटेत एका गावात तळलेल्या मासळीचं दुकान दिसलं. आम्ही चौघं उतरलो. आम्हाला येताना बघून मालकाने झटकन दाराला कडी लावली. सायप्रसकडचा कुणीतरी असावा, मिशीवाला. काचेतून त्याने आमची डोकी बघितली, रक्ताळलेला रुमाल बघितला आणि मान हलवली. मग त्याची नजर कार्लटनवर गेली. त्याने दार बोटभर उघडलं.

"तू ये आत, पोरा. हे नकोत."

कार्लटन आत गेला. काचेपलीकडे मालक त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता, मधून मधून आमच्याकडे बोट दाखवत होता. आम्ही फुटपाथच्या कडेला बसून राहिलो. थोड्या वेळाने कार्लटन गरम गरम चार पुड्या घेऊन आला.

"काय विचारत होता?" ब्रिकने विचारलं.

"हे लोक तुला त्रास देतात का म्हणून."

"मग?"

"म्हटलं, रोज."

गॉर्डन हसला आणि कान दुखला म्हणून थांबला. आम्ही कागद उघडून खायला लागलो. मालकाला कार्लटनची दया आली होती, म्हणून त्याच्या पुडीत व्हिनेगरमधला एक मोठा कांदा जास्तीचा टाकला होता. ब्रिकने अर्धा मागितला. कार्लटनने त्याच्याकडे बघत तो सबंध खाल्ला.